धनगराचा मोडलेला हात

एकदा एका मूर्तिकाराची मुलगी बाहुल्या करायला शिकण्यासाठी घराबाहेर पडली. मूर्तिकाराच्या घरात जन्मलेल्या मुलीला बाहुली ती काय शिकायची, असे तुम्ही म्हणाल. तिच्या वडिलांनीही तेच म्हटले होते. पण या बाहुल्या काचेच्या कपाटात बसणाऱ्या नव्हत्या, सिनेमात काम करणाऱ्या होत्या! बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा; पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. कमरेचा काटा ढिला होईपर्यंत हे करावे, तेव्हा कुठे पडद्यावर बाहुली चार पावले चालते. पण चालते हो! आणि ती चालताना पाहिली की भल्याभल्यांचा आ वासतो.

मुलीचे नाव सुगंधा. ज्या वृद्ध कारागिराच्या कार्यशाळेत ती शिकत होती, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांचा सारा जन्म तार, स्पंज आणि रबर यांत गेला होता. बोलणे कमी, आणि जे काही बोलत, तेही बहुधा हातातल्या पकडीशी.

त्या कार्यशाळेत एक दिवस तेलाचा एक मोठा व्यापारी आला. लहानपणी आईने सांगितलेली एका धनगराची गोष्ट त्याला पडद्यावर पाहायची होती. पण व्यापारी तो व्यापारीच. म्हणाला, "आबा, सोमवारी मी सकाळीच येऊन बसतो. तुमच्या धनगरानं माझ्यासमोर कोकरू उचलून खांद्यावर घेऊन दाखवावं. जमलं तर सिनेमा तुमचा. नाही जमलं तर काँप्युटरवाले माझ्या दारात उभेच आहेत."

"जमेल," आबा म्हणाले, आणि सुगंधाकडे वळून म्हणाले, "धनगर तू कर."

सुगंधाला आकाश ठेंगणे झाले. आजवर तिने केले काय, तर इतरांच्या बाहुल्यांची पागोटी नाहीतर झाडांची पाने. आणि आता थेट सिनेमाचा नायक! तिने तहानभूक विसरून काम केले. तारेचा सांगाडा केला, त्यावर स्पंजाचे अंग चढवले, वर रबराची कातडी. कपाळावरच्या आठ्या सुईने कोरल्या. खऱ्या लोकरीची तळहाताएवढी घोंगडी विणून घेतली. आणि मूर्तिकाराची लेक ती! कुठे सांधा दिसू द्यायची नाही. तारा तिने आत सरसात पक्क्या केल्या, कातडीचा जोड असा घासून, रंगवून बुजवला, की बोट फिरवले तरी कळू नये. वीतभर उंचीचा तो म्हातारा टेबलावर उभा राहिला, तेव्हा कार्यशाळेतली सगळी माणसे हातातले काम टाकून जमली. कुणी म्हणाले, "अगं, हा आता तंबाखू मागतोय बघ!"

शुक्रवारी दुपारी आबा आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, धनगर हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"वा! डोळे काय सुरेख उतरलेत. जोड कुठाय?"

"सापडणार नाही आबा," सुगंधा अभिमानाने म्हणाली.

"असं?" म्हणत आबांनी धनगराचा उजवा हात कोपरात वाकवला. मग सरळ केला. पुन्हा वाकवला, पुन्हा सरळ. चहा आज पाणचट झालाय, खिडकीला तेल घालायला हवे, असे काहीबाही बोलत त्यांचे वाकवणे-सरळ करणे चालूच. सुगंधा कौतुकाने हसत होती. मग तिचे हसू जरा आखडले. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. टक्!

तार तुटली. धनगराचा हात लोंबू लागला.

 आबांनी शांतपणे धनगर तिच्या पुढ्यात ठेवला. "मोडला. आता बरा कर बघू याला," म्हणाले, आणि खरोखरच खिडकीला तेल घालायला निघून गेले.

सुगंधाने डोळे पुसले आणि पाते हातात घेतले. पण आत शिरायचे कुठून? वाट होतीच कुठे! कोपरापाशी कापले, तर तार सरसात रुतलेली, ओढून निघेना. खांद्यापाशी कापले, तर स्पंजाचे लचके निघाले. शेवटी छाती फाडावी लागली. कातडी उसवत गेली, रंगाचे पापुद्रे पडले, आणि एका हाताच्या दुरुस्तीपायी सबंध धनगर मातीमोल झाला.

मग मात्र तिचा संयम सुटला. चिंध्या झालेला तो म्हातारा घेऊन ती तरातरा आबांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, चांगल्या कामाला दृष्ट लागते म्हणतात. पण ती गुरूचीच लागावी? सोमवारी शेठना काय दाखवू, माझं तोंड? तुम्हाला सिनेमा नको होता तर तसं सांगायचं होतं. माझा धनगर कशाला मारलात?"

आबांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"बस पोरी. तुझ्या घरी मूर्ती घडतात. मूर्तीला तडा गेला की ती पूजेला चालत नाही, म्हणून तिच्यात सांधा ठेवायचा नाही, हे तुझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक. घरचं शिक्षण खोटं नाही तुझं. पण मूर्ती एका जागी बसते. तिचा हात कुणी दिवसातून शंभरदा वाकवत नाही. हा धनगर चालणार, वाकणार, ओझं उचलणार. आणि जे वाकतं ते कधी ना कधी मोडतंच. त्यात तारेचा दोष नाही आणि तुझाही नाही. तू चुकलीस ती एवढ्यातच, की हा मोडणारच नाही असं धरून चाललीस आणि आत शिरायची वाट आपल्या हातानं बुजवलीस. म्हणून हात मोडला आणि जीव गेला. उद्या-परवा दोन दिवस आहेत. दुसरा कर. आणि करताना आधी हे ठरव, की मोडल्यावर त्याला उघडायचं कुठून."

सुगंधाचा राग काही लगेच उतरला नाही. रागातच ती कामाला बसली. पण हात चालू लागले तशी तिची तिलाच गंमत वाटू लागली. या वेळी खांद्यात तिने पितळेची बारीक नळी बसवली. हाताची तार नळीत सरकवायची आणि इवल्याशा स्क्रूने आवळायची. स्क्रू ढिला केला की अख्खा हात बाहेर! जोड उघडाच होता; फक्त त्यावर घोंगडी पडत होती. जास्तीचे हात करून तिने डबीत ठेवले. धनगर पहिल्याइतका देखणा झाला नाही, हे तिलाही दिसत होते.

सोमवारी शेठ सकाळीच येऊन खुर्ची टाकून बसले. दिवे लागले, कॅमेरा रोखला गेला आणि काम सुरू झाले. सुगंधा धनगराला केसभर वाकवी आणि बाजूला होई. फोटो. पुन्हा केसभर. पुन्हा फोटो. दुपारपर्यंत म्हातारा गुडघ्यात वाकून कोकरापर्यंत पोहोचला. कापसाचे ते कोकरू त्याच्या हातात आले, जमिनीपासून बोटभर वर उचलले गेले, आणि, टक्!

उजवा हात लोंबला.

"गेलं!" म्हणून शेठ उठलेच. "सकाळपासूनची मेहनत पाण्यात. मी म्हणत होतो ना, यापेक्षा काँप्युटर बरा!"

 सुगंधाने आबांकडे पाहिले. आबा चष्म्याच्या काचा पुसत होते. मान वर करायचीही तसदी त्यांनी घेतली नाही. आणि मग काय झाले कोण जाणे, तिला एकदम हसू फुटले.

"शेठ, बसा हो! मोडलाय, मेला नाही."

कॅमेऱ्याला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर आधीचा फोटो होताच. त्यात बोटाचे टोक जिथे होते, नेमके तिथे टेकेल अशी एक सुई तिने धनगराशेजारी रोवलेल्या खुंटीवर उभी केली. घोंगडी अलगद वर सारली, स्क्रू ढिला केला, मोडका हात काढला, डबीतला नवा सरकवला. धनगराचे पाय तसूभरही हलले नाहीत. नवा हात वाकवत वाकवत तिने बोट सुईला टेकवले, स्क्रू आवळला, कोकरू पुन्हा हातात दिले, घोंगडी खाली सोडली, सुई बाजूला केली. फोटो! शेठ उभे होते ते कधी खाली बसले, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही.

दिवस कलला तेव्हा कोकरू खांद्यावर चढले होते. सगळे फोटो एकामागून एक भरभर दाखवले, आणि काय सांगू! तारेचा, रबराचा तो म्हातारा वाकला, कोकराखाली हात घालून जरासा कण्हला म्हणावे असा थांबला, आणि पिल्लाला उचलून खांद्यावर घेऊन ताठ उभा राहिला. कार्यशाळेत एकच आरडाओरड झाली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्टी मारली. शेठ तर खुर्चीत लहान मुलासारखे उसळत होते. "पुन्हा दाखवा! पुन्हा!" पुन्हा पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग त्यांना आठवण झाली. "अहो पण, मोडला होता तो कुठे?"

सगळे डोळे फाडून पाहू लागले. मोडल्याची जागा कुणाला दाखवता येईना. खुद्द सुगंधालाही सापडेना.

"हाच धनगर," शेठ म्हणाले. "सिनेमा तुमचा. आणि आबा, बाहुल्या या पोरीनंच करायच्या."

सुगंधा आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. सगळे पांगल्यावर ती आबांच्या शेजारी येऊन बसली. "आबा, त्या दिवशी तुम्ही मोडला नसता तर?"

"तर आज मोडला असता," आबा म्हणाले. "शेठसमोर."

  सुगंधाने उठून डबी उघडली, आणि वापरलेल्या हाताच्या जागी ठेवायला नवा हात करायला घेतला.

आणि आपण? आपण नाती बांधतो, घरे बांधतो, मंडळे स्थापन करतो, तेव्हा सगळे लक्ष जोड बुजवण्यावर. जिथे रोजचे वाकणे आहे तिथे मोडणे येणारच, तेव्हा आत शिरायला एक वाट मोकळी ठेवावी, एवढे धनगराच्या खांद्याकडून शिकलो तरी पुष्कळ झाले.