पट्टीवरचा चरा

"तात्या, हा चरा काढायचा कसा?"

उल्हासनं मांडीवरचं फडकं उलगडलं. आत धातूची हातभर लांब पट्टी होती. तिच्यावर सोनेरी मुलामा होता, इतका स्वच्छ की ओट्यावरचं छत तिच्यात उतरलं होतं.

हणमंततात्यांनी पट्टी हातात घेतली नाही. ते तांब्याला चिंच लावत होते, ते लावत राहिले.

वाईत तात्यांचं दुकान जुनं. एका भिंतीला भांडी, समोरच्या भिंतीला बांगड्या. कासाराचं दुकान तसंच असतं. आता गल्ल्यावर पुतण्या बसतो आणि तात्या ओट्यावर. स्वतःचा एक तांब्या ते रोज घासतात. तो आधीच लखलखीत असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

उल्हास वेल्हाळ त्यांचा शिष्य. भांड्याला झिलई द्यायला तो इथंच शिकला. आता साताऱ्याला त्याचा मुलामा द्यायचा कारखाना आहे. चेला गुरूच्या पुढं गेला असं गावात लोक म्हणत. ते उल्हासच्या कानावर गेलं होतं, आणि त्यानं ते जपून ठेवलं होतं.

कारखाना सोडून तो इथं एका चऱ्यासाठी आला होता.

तात्यांनी विचारलं, ही पट्टी कशाची.

मग उल्हासनं यंत्राचं सगळं सांगितलं. पाचगणीचं एक जुनं हॉटेल बंद झालं, तेव्हा तिथलं पिनबॉल त्यानं घरी आणलं होतं. पलंगाएवढी उतरती पेटी, चार पाय, वर काच, आत एक पोलादी गोळी. दोन्ही बाजूंची बटणं दाबून गोळी वर उडवायची, ती घंटांवर आपटते. खाली पडली की संपलं.

"लहान पोरांचा खेळ म्हण की."

"आई खेळायची, तात्या."

तात्यांचा हात थांबला.

यंत्र घरात आलं तेव्हा उल्हासच्या वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आई, कावेरीबाई, माजघराच्या कोपऱ्यात बसून असायची. जेव म्हटलं की जेवायची, नाही म्हटलं तर तेही चालायचं. आणि एका दुपारी घरात घंटा वाजायला लागल्या. उल्हास जाऊन बघतो तर आई पदर खोचून यंत्रापाशी उभी, आणि गोळीला दटावत होती, "थांब गं बये, कुठं निघालीस?"

त्या रात्री तिनं आपणहून दुसरी भाकरी मागून घेतली. उल्हास हे सांगताना हसला, आणि खरोखर सुखानं हसला.

पण मुलामा देणाऱ्याची नजर वाईट. त्याला यंत्राच्या कडेच्या पट्ट्या दिसायला लागल्या. जुनं क्रोम पापुद्रे सोडत होतं. त्यानं पट्ट्या उतरवल्या, खरवडल्या, घासून आरशासारख्या केल्या. पायांना तांबूस छटा दिली. बाजूच्या पट्ट्यांना आणि खेळणाऱ्याच्या पोटाशी येणाऱ्या या आडव्या पट्टीला सोनेरी. बिजागऱ्या सोनेरी, कोपरे सोनेरी. स्क्रूची डोकीसुद्धा त्यानं सोडली नाहीत. लांबलांबून लोक बघायला येऊ लागले. हात मागे बांधून बघायचे आणि वा वा म्हणून जायचे.

"असं काम साताऱ्यात दुसरं नाही," उल्हास म्हणाला. मग त्याला कुणासमोर बसलोय ते आठवलं. "तुमच्याच हाताखाली शिकलो."

"बरं."

"घासून हा चरा निघेल. पण घासलं की मुलामा जाईल. एकट्या पट्टीला नव्यानं दिला तर बाकीच्यांशी रंग जुळणार नाही. सगळंच पुन्हा उतरवायचं म्हणजे..."

"पाडला कुणी?"

"आईनं. म्हणजे... तिच्या बांगड्यांनी. खेळताना मनगटं नेमकी इथं टेकतात. बांगडीच्या काचेची कड ती."

"आता खेळते का?"

"नाही."

"का?"

"कंटाळली असेल." उल्हास पट्टी पुसू लागला. "पुन्हा कोपऱ्यात बसते. भूक नाही म्हणते. डॉक्टरांना दाखवलं. त्यांना काही सापडत नाही."

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. हाताला चिंच तशीच होती.

"तू काय बोललास तिला?"

"काही नाही. मी आईवर आवाज चढवत नाही, तात्या. तुम्हाला माहीत आहे."

"आवाज नाही विचारला. शब्द विचारला."

"म्हटलं, आई, खेळताना हातातल्या बांगड्या काढत जा."

वाक्य साधं आहे. चपला बाहेर काढत जा म्हणावं, तसं. म्हणणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं, हे कुणीही शपथेवर सांगेल. ऐकून आई बरं म्हणाली होती.

तात्यांनी चिंचेचा हात ओट्यावरच्या फडक्याला पुसला.

"वडिलांच्या दहाव्याला," ते म्हणाले, "खोलीच्या दारात कोण आडवं उभं होतं?"

उल्हासनं पट्टी मांडीवर ठेवली.

त्या दिवशी तात्याही तिथंच होते. आत आई, बाहेर आत्या आणि चुलत्या, आणि जे करायचं ते उरकून घेण्याची सगळ्यांची घाई. उल्हास उंबऱ्यावर उभा राहिला होता. आईच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही, म्हणाला. एक आत्या रागावून गेली, ती अजून येत नाही. तात्या त्या दिवशी घरी येऊन पुतण्याला म्हणाले होते, माझ्याकडं एकच शिष्य खरा शिकला. हे मात्र उल्हासच्या कानावर कधी गेलं नाही.

"मी उभा होतो," उल्हास म्हणाला.

"उजवा हात दे."

"कशाला?"

"दे."

तात्यांनी आतून बांगड्यांचा एक जुडगा मागवला, मोठ्या मापाचा, साध्या निळ्या काचेचा. त्यातली एक काढली आणि उल्हासचं मनगट धरलं. पुतण्या आतून बघत होता. रस्त्यावरून जाणारा एक ओळखीचा माणूसही थबकला. पुरुषाच्या हातात बांगडी भरणं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. उल्हासचे कान लाल झाले आणि त्यानं मूठ वळली.

"मूठ सोड," तात्या म्हणाले. "ताठ हातात बांगडी जात नाही. शिकवलंय तुला."

मूठ सुटायला वेळ लागला. तात्यांनी अंगठ्याचा सांधा आत दाबला, पंजा लोण्याच्या गोळ्यासारखा चेपत आणला, आणि बांगडी सरकन मनगटावर गेली.

"आता काढ."

उल्हासनं ओढली. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. त्यानं पुन्हा ओढली. कातडी गोळा झाली, लाल झाली.

"निघत नाही, तात्या."

"तिच्या कशा निघाल्या?"

न्हाणीतला नळ त्या दुपारी फार वेळ चालू होता. पाणी वाया जातंय म्हणून उल्हासनं बाहेरून हाकही मारली होती. संध्याकाळी ताट वाढताना आईच्या अंगठ्यामागं लाल वळ दिसला. तव्याचा चटका असेल, असं त्यानं ठरवून टाकलं. सगळ्या बांगड्या तिनं स्टीलच्या वाटीत घालून यंत्राच्या काचेवर ठेवल्या होत्या. त्याला वाटलं, बरं झालं, आईनं ऐकलं.

त्याला लाज वाटली. इतकी की समोर तात्या आहेत, आत पुतण्या आहे, याचं भान राहिलं नाही. डोळे भरून आले आणि त्यानं ते चिंचेच्या वासाच्या फडक्यानं पुसले, त्यामुळं ते आणखीच वाहू लागले.

तात्यांनी त्याला रडू दिलं. मग स्वतःच्या पंच्याचं टोक पुढं केलं.

"आल्यापासून तुझं काढ, काढ, एवढंच चाललंय," ते म्हणाले. "तोंडाला कोण घासायचं तुझ्या?"

हा धडा जुना होता. उल्हास नवा कामाला लागला तेव्हा एका नव्या नवरीच्या हातात भरताना बांगडी तडकली, आणि तो फुटली म्हणून मोकळा झाला. तात्यांनी त्याला दिवसभर पायरीवर बसवलं होतं. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "फुटणं काचेच्या हातात असतं. कासारानं वाढली म्हणायचं." तेव्हापासून तो शब्द तो कधी चुकला नव्हता. दुकानात तरी नाही.

तात्यांनी बाकीचा जुडगा आत परत दिला. कावेरीबाईंचं माप त्यांच्या बोटांत होतं, त्या मापाचा एक आतून मागवून कागदात बांधला.

"घरी जाऊन भर तिच्या हातात."

"मी?"

"मग काय मी येऊ? साताऱ्यापर्यंतचा प्रवास झेपत नाही मला."

उल्हासनं पुडी हातात घेतली. ती त्याला जड वाटली.

"आणि नाही म्हणाली तर?"

"म्हणेलच. पहिल्या झटक्यात हात ढिला सोडते का कुणी?"

"मग मी काय करू?"

"खेळ." तात्यांनी त्याच्या मनगटाकडं बोट केलं. "ती घालूनच खेळ, तिच्यासमोर. तुला काही येत नसणार. गोळी खाली पडायला लागली की ती उठेल."

उल्हास हसला. नाक लाल, डोळे ओले, हातात निळी बांगडी. साताऱ्यातल्या त्याच्या कामगारांनी हे बघितलं असतं तर महिनाभर हसायला पुरलं असतं.

निघायचं म्हणून त्यानं वाकून नमस्कार केला. बायका बांगड्या भरून झाल्यावर कासाराला करतात, तसाच झाला तो. तात्यांनी नेहमीचा आशीर्वाद तोंडात आणला, पुरुषाला कसा द्यायचा ते न सुचून गिळला, आणि नुसता डोक्यावर हात ठेवला.

उल्हास पट्टी फडक्यात गुंडाळू लागला. बांगडी मनगटावर घसरली आणि पट्टीच्या कडेवर आपटली.

खण्ण.

त्यानं सवयीनं पट्टी उजेडात धरली. जुन्या चऱ्याशेजारी एक नवी रेघ उमटली होती, केसासारखी बारीक.

"तात्या..." त्यानं पट्टी पुढं केली. "आणखी एक पडला."

तात्यांनी तांब्या उचलला आणि पुन्हा चिंच लावायला घेतली.

"पडला म्हणू नये, उल्ह्या. वाढला म्हणावं."