बाकावरचे पाच

त्र्यंबकराव मोहोळकरांनी बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ विकत घेतला आणि पहिल्याच सामन्यात त्यांना संशय आला. पाच जण घाम गाळत होते आणि पाच जण बाकावर आरामात बसले होते. हे नक्की प्रशिक्षकाचे भाचेपुतणे असणार!

सामना जिंकल्याबरोबर त्यांनी प्रशिक्षक इनामदारांना गाठलं. "या बसणाऱ्यांना नारळ द्या."

"देतो. मग उद्या सकाळी सहाला चार संचालकांना घेऊन तुम्ही कोर्टवर या."

"का? यात काय डाव आहे तुमचा?"

"डाव कसला, साहेब? आपले पाच जण रोज यांच्याशीच झुंजून तयार होतात. आता सरावाला समोर कोणीतरी हवंच ना!"

मोहोळकरांनी खेळणाऱ्या पाचांतल्या पावणेसात फुटी बलजीतच्या कोपरांकडे पाहिलं.

"नारळ राहू द्या," ते म्हणाले आणि लगेच त्यांनी डोळे बारीक केले. "या बसणाऱ्यांना पोटभर खायला घालता ना तुम्ही?"