मथूची तुळस आणि लव्हाळ्याचा वसा

हातात अक्षता घेतल्या का? घ्या. चुलीवरचं दूध उतरवून या, आणि मागं जी कुजबुज चाललीय ती आता पुरे. ऐक भुईमाई, तुझी कहाणी.

एक नगर होतं, आटपाट म्हणतात तसलं. नगरात देऊळ होतं, तळं होतं, भांडणंही होती. तिथं दोन जावा राहत. थोरलीचं नाव मथू, धाकटीचं आवडा. सासू होती तोवर एक घर, एक चूल, एक अंगण. अंगणात सासूनं आपल्या हातानं लावलेली तुळस. वृंदावन कुठलं, भोवती दगड मांडलेले इतकंच. देवघरात पितळेचा बाळकृष्ण. दर कार्तिकात सासू दोघांचं लग्न लावी. थोरली व्हायची नवरीची आई, धाकटी व्हायची नवऱ्याची आई. मग दोघी विहिणींसारख्या रुसायच्या, हसायच्या, एका ताटात लाडू खायच्या. मथूला लेक नव्हती. मुलगे होते दांडगे, ते काय आईजवळ बसतात? मग तुळस हीच तिची लेक. सासू जाताना म्हणाली, "मथू, ही तुझ्या ओटीत घालते. ही हिरवी आहे तोवर मी अंगणात आहे असं समज."

मग सासू गेली. मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या. मग अंगणाच्या मधोमध दगडांचा गडगा आला. तुळस राहिली मथूकडं, बाळकृष्ण गेला आवडाकडं. आता देवाला नैवेद्य दाखवायचा तर त्यावर तुळशीचं पान हवं, हे तुम्हाला मी काय सांगावं! आवडानं रोप लावून पाहिलं, जगलं नाही. मग ती रोज सकाळी गडग्यावरून हात घाली, एक पान खुडी. एका सकाळी मथूचं डोकं फिरलेलं होतं. कशानं, ते तिलाही आठवत नाही. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "माझ्या लेकीला ओरबाडू नकोस. देव घेतलास ना? मग त्याची सोय तूच कर." आवडानं हात मागं घेतला. पुन्हा घातला नाही. दोघींचं बोलणंही तुटलं. देव बिनपानाचा जेवू लागला. आणि कार्तिक आला की मथू पाटावर सुपारी ठेवी, तिलाच नवरा म्हणे, आणि आपल्या लेकीचं लग्न सुपारीशी लावी. हसू नका गं. आईच्या जिवाला काय वाटत असेल ते बघा.

मग अंगणात लव्हाळा आला. कुठून आला? शेणखतातून आला की पाटाच्या पाण्यातून, कोण जाणे. हिरवी बारीक पात, दिसायला अगदी गरीब. मथू काय करी? सण आला की पात वरवर उपटी, मूठभर झाली की गडग्यापलीकडं भिरकावी, आणि वरून छान सारवून टाकी. आल्यागेल्या म्हणत, "अंगण बघावं तर मथूचं!" मथू पदर सावरून हसे. मग सारवण वाळतं न वाळतं तोच खालून टोकं वर येत. ती पुन्हा उपटी, पुन्हा फेकी, पुन्हा सारवी. पलीकडं आवडाही तेच करी. हिचा पाला तिकडं, तिचा पाला इकडं. कधीकधी मथूला वाटे, ही तर मी काल टाकलेलीच मूठ!

होता होता लव्हाळा तुळशीच्या दगडांत शिरला. तिथं मथूनं जोरात उपटला, तो वर तुटला आणि खाली दुप्पट झाला. श्रावण लागला. साऱ्या गावाच्या तुळशी डवरल्या, मथूची तेवढी वाळत चालली. एक फांदी हिरवी उरली. मथू तिच्यापुढं बसली आणि रडू लागली. "बाई गं, तू गेलीस तर मी कुणाची आई? आणि सासूबाईंनी बसावं कुठं?"

इतक्यात दारात एक म्हातारी आली. डोईवर पांढरे केस, पायांना माती. म्हणाली, "पोरी, लांबून आले. अंगणात घटकाभर बसू दे." मथूनं डोळे पुसले, पाट मांडला. त्या दिवशी सारवण ताजं होतं, पाट देवघराचा, पातळ फळीचा, मधे फटी. म्हातारी बसली नाही तोच उठली. "अगं, टोचतंय की!" मथूनं पाट ओट्याजवळ मांडला. म्हातारी बसली, उठली. "इथंही टोचतंय." मथूनं पाट तुळशीशी मांडला. म्हातारी बसली, उठली. "इथं तर फारच टोचतंय गं बाई." मथू ओशाळली. पाट उचलून बघते तो काय, फटींतून लव्हाळ्याची टोकं वर आलेली, सुईसारखी.

मथू म्हणाली, "माई, मी आळशी नाही हो. उपटते, टाकते, सारवते. तरी हा जात नाही, आणि माझी लेक चाललीय. काहीतरी सांगा."

म्हातारी म्हणाली, "सांगते. पण वसा घेशील आणि कंटाळशील. अर्ध्यावर सोडशील."

"कंटाळणार नाही, सोडणार नाही. हाती धरलं खुरपं खाली ठेवणार नाही."

"मग ऐक. सकाळी उठावं, खुरप्याला हळदकुंकू लावावं. खाण्याआधी तुळशीपुढं बसावं. पात वरून ओढू नये. भोवतीनं माती मोकळी करावी, पातीच्या मागमागं बोटानं खाली जावं. खाली काळी गाठ असते. ती मिळाली म्हणून उठू नये, तिच्यापासून दोरा निघतो. दोऱ्याच्या मागं जावं, त्याला पुढची गाठ. दोरा तोडू नये. गाठी चुलीच्या वैलावर वाळवाव्या, मग जाळाव्या, राख तुळशीला घालावी. वर सारवून झाकू नये. आणि दुसरीच्या अंगणात टाकू नये." शेवटचं बोलताना म्हातारीनं गडग्याकडं पाहिलं. मथूनं खाली पाहिलं.

मग मथूनं वसा घेतला. पहिल्या दिवशी घाई केली. म्हटलं, दुपारच्या आत अंगण साफ करते! खचाखच खुरपं चालवलं, दोरे तुटले, आणि पाऊस पडून गेल्यावर एकाच्या जागी झुबका आला. मथूनं कपाळावर हात मारला. मग शहाणी झाली. हळू बसू लागली. आज चुलीच्या खिडकीखाली, उद्या ओट्याखाली, परवा तुळशीच्या दगडांत. बोटं मातीत, डोळे मातीत. गाठीमागून गाठ निघे, मथू वेणीतून गुंता काढावा तशी सोडवी. आल्यागेल्या म्हणत, "काय हे मथू, अंगण का उकरलंस? सारवणाची हौस सरली का?" मथू म्हणे, "सरली बाई." तिला लाज वाटे, पण ती खुरपं ठेवी ना.

गौरी आल्या, गौरी गेल्या. अंगण मोकळं झालं. गडग्याच्या कडेला मात्र रोज नवी पात. मथू काढी, सकाळी पुन्हा हजर. दोऱ्याच्या मागं जावं तर दोरा दगडांखाली शिरे. आणि तिथूनच पुन्हा तुळशीकडं सरके. हिरव्या फांदीची पानं एकेक करून गळू लागली. कार्तिक तोंडावर आला.

मग म्हातारी पुन्हा आली. मथू म्हणाली, "माई, सगळं केलं. झाकलं नाही, फेकलं नाही, तोडलं नाही. तरी हा गडग्याखालून येतोच आहे."

"मग गडगा उचल."

"पलीकडं माझी जाऊ आहे."

"असू दे की."

"आमचं बोलणं नाही हो."

म्हातारी म्हणाली, "असं होय? ते लव्हाळ्याला सांगितलंस का?"

म्हातारी निघून गेली. मथूला सारं अंगण खणणं सोपं गेलं होतं, ही दहा पावलं जड झाली. ती उठली, बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मनात म्हणाली, ओरबाडू नकोस असं मीच म्हणाले. दुसरं कोण जाणार? मग तिनं स्नान केलं, तुळशीपुढं हात जोडले. "लेकी, तुझं एक पान घेते. रागावू नकोस." उरलेल्या पानांतलं बरं दिसणारं पान तिनं खुडलं. पान ओंजळीत धरून ती रस्त्यानं वळसा घालून आवडाच्या दारी गेली.

आवडा नैवेद्याचं ताट घेऊन देवघरात निघाली होती. उंबऱ्यात थोरली जाऊ! मथूनं ओंजळ पुढं केली.

आवडा म्हणाली, "वाळलीय म्हणे तुमची तुळस."

"वाळलीय."

"मग पानं किती उरलीत?"

"थोडी आहेत."

"आणि त्यातलं हे आणलंत?"

मथू म्हणाली, "देवाचंच होतं ते. मी अडवून ठेवलं. चुकले मी, आवडे."

आवडानं पान घेतलं, नैवेद्यावर ठेवलं, पाण्याचं मंडल केलं, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लव्हाळा मीही फेकत होते हो. मुद्दाम तुळशीच्या बाजूला फेकत होते." मथू म्हणाली, "ठाऊक आहे गं. मीही काही देवाच्या बाजूला फुलं टाकत नव्हते." मग दोघींना हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू आलं. बायकांचं असंच असतं, तुम्ही काय ते ओळखता.

मग दोघींनी कंबर कसली. गडग्याचा एकेक दगड उचलला. नवरे बाहेर आले, म्हणाले, "हे काय चालवलंय? वाटणीची खूण आहे ती!" मथू म्हणाली, "खूण हवी असेल तर तुम्ही उन्हात उभे राहा." नवरे आत गेले. दगडांखाली बघतात तो काय, गाठींची चटईच विणलेली! इकडचे दोरे तिकडं, तिकडचे इकडं. कुठली कुणाची ते देवालाही सांगता येईना. इकडून मथू बसली, तिकडून आवडा बसली. ही दोरा धरी, ती माती सारी. एकीचा हात दमला की दुसरी धरी. गाठी टोपल्यांनी निघाल्या, वाळल्या, जळल्या, राख झाली. राख तुळशीला घातली. निघालेल्या दगडांचं दोघींनी मिळून वृंदावन बांधलं.

मग तुळस काय म्हणते? फांदीच्या बेचक्यात हिरवा ठिपका आला. मग पान आलं. मग खालून नवे फुटवे आले. लग्नापर्यंत तुळस डवरली, मंजिऱ्यांनी वाकली.

कार्तिकात द्वादशीला लग्न लागलं. आवडाच्या दारातून बाळकृष्ण निघाला, टोपडं घातलेला, मुंडावळ्या बांधलेला. आडवं काही नव्हतं, नवरा सरळ अंगणातून आला. मथूनं वाकून त्याचे पाय धुतले आणि म्हणाली, "या विहीणबाई, फार वाट बघायला लावलीत." आवडा म्हणाली, "नवऱ्याची आई आहे मी, लाडू आधी मला." अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. आणि त्या सुपारीचं काय झालं म्हणाल, तर अडकित्त्यानं फोडली आणि विड्यात घातली.

गर्दीत म्हातारी आली. मथूनं तोच फटींचा पाट मांडला. म्हातारी बसली. मथू जीव मुठीत धरून उभी. म्हातारीनं पाय पोटाशी घेतले, वृंदावनाला पाठ टेकली आणि म्हणाली, "आता टोचत नाही हो."

मथू लाडू आणायला आत गेली. येऊन बघते तर पाट रिकामा. आवडाला म्हणाली, "तुझी पाहुणी कुठं गेली?" आवडा म्हणाली, "मला वाटलं तुमची. माझ्याही दारी आली होती श्रावणात. अंगणाची लाज वाटली, म्हणून मी पाटच मांडला नाही." मग पाटाकडं बघत म्हणाली, "जाऊबाई, सासूबाई अशाच बसत, नाही? पाय पोटाशी घेऊन." मथूनं पाटावर हात ठेवला. पाट ऊन होता. तिनं लाडवाचं ताट तिथंच ठेवलं, आवडाला शेजारी बसवलं, आणि दोघींनी एका ताटात खाल्लं.

लव्हाळा पुन्हा आला का? येतो की, एखादी पात येते. जिला दिसते ती दुसरीला हाक मारते.

भुईमाई, जशी मथूला तिची लेक दिलीस, जसं आवडाच्या देवाला पान दिलंस, तसं आम्हा ऐकणारणींना दे, न ऐकणारणींनाही दे. लांबलचक होती, थोडक्यात सांगितली, फळाला आली, पुरी झाली. वाहा अक्षता. आणि घरी जाल तेव्हा आपापल्या गडग्याखाली एकदा बघा.