एकच फिरलेला निकाल

“…पण बावीस वर्षांत एकही निकाल फिरला नाही, तो आत्ताच का फिरावा, महाराज? निवृत्तीला आठ दिवस उरले असताना?”

विचारणारे होते हायकोर्टाचे न्यायमूर्ती वामनराव खांडेपारकर. सखोबा महाराज मठाच्या ओसरीवर पावटे सोलत होते. ज्यांच्यापुढे भलेभले वकील चळाचळा कापत, त्यांनाही इथे पावट्यांच्या मागे नंबर लावावा लागे.

“फिरला तर काय झालं?”

वामनराव कळवळले. “आजवर माझा एकही निकाल वरच्या कोर्टाने फिरवला नव्हता! निरोपाच्या सभेत वकिलांचे अध्यक्ष तेच सांगणार होते. भाषण छापूनसुद्धा झालंय.”

“खटला कुणाचा?”

“लिंबाजी म्हणून कुणी आहे. भावाच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. मी ती कायम केली.”

“दिसायला कसा आहे?”

“अपिलात आरोपी समोर उभा नसतो, महाराज. कागद असतात.”

“मग कागदांत काय चुकलं?”

वामनरावांनी सुपातली एक शेंग उचलली…

“त्या दिवशी तो दुसऱ्या गावी बाजाराला गेला होता, असं एका साक्षीदाराने सांगितलं होतं. ते पान मी घाईत उलटलं.”

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगून टाकल्यावर बरं वाटलं.

“आता कुठाय तो?”

“सुटला. परवा घरी पोचला म्हणे.”

महाराज पावटे टाकून उठले. आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आले आणि त्यांनी तो वामनरावांच्या हातावर ठेवला.

“हा कशाबद्दल?”

“माणूस घरी आलाय, आणि तू सुतक पाळतोस होय?”

वामनराव खड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो तोंडात टाकला. लिंबाजीच्या घरीही आज काहीतरी गोडधोड असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि निकाल फिरल्यापासून पहिल्यांदाच ते मोकळेपणी हसले. अध्यक्षांनी ते वाक्य खुशाल खोडावं, त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

निघताना त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“जाऊ दे, महाराज. एक फिरला तर फिरला. बाकीचे चार हजार तर जसेच्या तसे उभे आहेत!”

महाराजांनी पुन्हा सूप पुढे ओढलं…

“मला काळजी त्यांचीच वाटते रे.”