आडशेतचा चौथा खांब

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहतील आणि शब्दही साधेच येतील. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून यात्रेच्या पुस्तिकेसाठी लिहून द्यायचे काम तेवढे अंगावर घेतले. आमचे ज्ञानूतात्या आल्यागेल्याला ही हकिकत जशी सांगतात, तशीच उतरवली आहे. शेवटचे थोडे माझे आहे.

आडशेतला येणाऱ्या पाहुण्यांची नजर आधी परड्यांकडे जाते. घरामागे भाजीचे वाफे, शेणखताचा खड्डा आणि एका बाजूला लाकडाची चौखांबी. चार खांब, वर गवताचे नाहीतर कौलांचे छप्पर, भिंत कुठेच नाही. आत बाज टाकायची, शेंगा फोडत बसायचे, आजारी माणूस असेल तर त्याला हवेत निजवायचे. शहरातली माणसे तिला गझिबो म्हणतात. पण गावातली प्रत्येक चौखांबी एका कोपऱ्यात खाली झुकलेली आहे. तीन खांब उंच, आणि चौथा माणसाच्या खांद्याइतका.

परवा आमच्या परड्यात बसलेल्या पाहुण्यांपैकी एकाने विचारले, "तात्या, सगळ्या गावाला एकच सुतार होता का? आणि तो पिऊन यायचा का?"

सगळे हसले. तात्याही हसले. मग म्हणाले, "पीत नव्हता बिचारा. ताप होता अंगात. बसा, सांगतो."

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गावाला सडक नव्हती. वरच्या आळीत निंबा सुतार आणि सुभाना अशी दोन घरे पाठीला पाठ लावून होती. दोन्ही परड्यांच्या मध्ये कमरेइतका दगडी गडगा. सुभाना रानातून लाकूड तोडून आणायचा, साल काढून द्यायचा, आणि निंबा ते घडवायचा. दोघांचे एकमेकांवाचून चालत नसे आणि एकमेकांना टोचल्यावाचून दिवस जात नसे.

"तुझी करवत म्हणजे म्हातारीचे दात," सुभाना म्हणायचा.

"तू सरळ लाकूड आणलं असतंस, तर करवत लागलीच नसती," निंबा म्हणायचा.

त्या साली गावाने देवीच्या देवळापुढे सभामंडप बांधायचे ठरवले होते. त्यासाठी ऐनाचे चार जाड खांब आणले होते. तीन निंबाच्या परड्यात तासून तयार होते. चौथा सुभानाच्या गोठ्याशेजारी पडला होता. सुभानाची धाकटी मुलगी चिमी त्याच्यावर टांग टाकून दिवसभर घोडा घोडा खेळायची.

अशात गावात देवीची साथ आली. पाटलांनी चावडीवर सांगितले, ज्याच्या अंगावर फोड दिसेल त्याला ओढ्यापलीकडच्या माळावर नेऊन ठेवायचे. पाणी आणि आंबील लांबून ठेवायची, जवळ कुणी जायचे नाही. माळावर गेलेले माणूस क्वचितच परत यायचे. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते.

निंबाची सून येसू तापाने फणफणली. तिचे लग्न नुकतेच झालेले. नवरा आणि थोरला दीर बैलांच्या तांड्याबरोबर मीठ आणायला कोकणात उतरलेले. सासऱ्यासमोर तिने कधी मान वर केली नव्हती. निंबाही तिच्याशी थेट बोलत नसे. पाणी हवे असले तरी आपल्या म्हाताऱ्या आईला सांगायचा आणि म्हातारी सुनेला सांगायची. सुभाना त्यावरून चेष्टा करायचा, "सुनेचा आवाज ऐकलास का रे अजून, का मुकीच आणलीस?"

तिच्या कपाळावर फोड दिसले त्या सकाळी पाटील अंगणात आले. उंबऱ्यापासून लांबच उभे राहिले.

"माणसं आणलीत, निंबा. काढ तिला बाहेर."

"माळावर नाही जायची ती."

"घरात तुझी म्हातारी आहे, थोरल्याची पोरं आहेत. उंबऱ्याच्या आत ठेवलीस तर सगळं घर माळावर घालीन. मग माझ्या नावानं रडू नको."

"आत नाही ठेवत. परड्यात ठेवतो."

पाटील थकलेले होते. त्यांची स्वतःची बहीण माळावर होती. ते म्हणाले, "परड्यात तर परड्यात. पण तिकडचं काही कुणी शिवायचं नाही, आणि उंबरा ओलांडून ती आत दिसली तर दया नाही."

सुभाना हे गडग्याआडून ऐकत होता. त्याच्या देखतच निंबाने देवळाचे तीन खांब परड्यात रोवले. चौथ्या कोपऱ्याला वेळूचा टेकू दिला. वर देवळासाठीच घडवलेल्या तुळया चढवल्या, वासे टाकले, गवत शाकारले. एकट्याने. आळीतून कुणीतरी ओरडले, "अरे, देवीचं लाकूड आहे ते!"

निंबा छपरावरूनच म्हणाला, "देवी माझ्याच घरी उतरलीय. तिचं लाकूड तिलाच लावलं."

मग त्याने सुनेला उचलून आणले आणि छपराखाली निजवले. शेजारी कडुनिंबाचा टहाळा घेऊन बसला.

चौथा कोपरा गडग्याला लागून होता. तिथे उभा राहून निंबाने सुभानाला हाक मारली. "तेवढा चौथा खांब दे की. तुळया जड आहेत. वेळू वाऱ्याला टिकायचा नाही."

"साल काढायची राहिलीय," सुभाना म्हणाला.

"सालीसकट दे."

"उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी निंबाचेच डोळे लाल दिसत होते. तो म्हणाला, "तू शिवू नको. गडग्यावरनं नुसता ढकलून दे. मी उचलतो."

सुभानाने खाली बघितले. चिमी खांबावर बसून टाचा मारत होती. त्या गावात तेव्हा समज असा, की आजारी घराला वस्तू दिली की वस्तूच्या वाटेने आजार उलटा येतो.

"पोरं आहेत माझी, निंबा," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," निंबा म्हणाला आणि परत सुनेपाशी जाऊन बसला. त्याने पुन्हा खांबाचे नाव काढले नाही. सुभानाला त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते, असे सांगतात.

चैत्रातल्या एका दुपारी आभाळ काळेनिळे झाले. आधी वारा सुटला, मग गारा. लिंबाएवढ्या गारा होत्या म्हणे. झाडावरचे कावळे मरून पडले. सुभाना मागल्या दारात उभा होता. त्याने वेळू मोडल्याचा आवाज ऐकला. ते भिजलेले जड छप्पर त्या कोपऱ्यात खाली आले, आणि अर्ध्यातच थांबले. निंबाने खाली खांदा दिला होता. पाठ गडग्याला टेकवून, पाय मातीत रुतवून तो उभा होता. खांदा काढला तर तुळई येसूच्या अंगावर आली असती. तिला ओढून बाहेर काढायचे, तर खांदा काढावा लागला असता. दुसरे कुणीतरी यायला हवे होते.

"सुभाना!" निंबा ओरडला. "खांब!"

सुभानाने पाऊल उचलले. बायकोने चिमीला त्याच्या हातात दिले. पोरगी गारांना घाबरून बापाच्या गळ्याला बिलगली.

"सुभाना!"

गारांच्या आवाजात त्याला एक बाईचा आवाज ऐकू आला. त्याने तो पूर्वी कधीच ऐकला नव्हता. "मामंजी, सोडा आता. मी मरतेच आहे. तुम्ही तरी निघा."

"गप पड," निंबा म्हणाला. "तुला कुणी विचारलं?"

सासऱ्या-सुनेचे तेवढेच बोलणे झाले, असे सांगतात. पहिले आणि शेवटचे.

आणखी दोन-तीन हाका आल्या. मग हाका थांबल्या. सुभानाच्या मनात आले, सुतारच तो, काहीतरी टेकू दिला असेल. त्याला तसे वाटायला हवे होते, म्हणून वाटले. तो पोरीला घेऊन खाली बसला.

गारा थांबल्या तेव्हा ढगांच्या खालून तिरपे ऊन आले होते. सुभाना गडग्यापाशी गेला. निंबा तसाच उभा होता. कोपरा खांद्यावर, पाठ दगडांना, केसांत गारा विरघळत होत्या.

"अरे, सोड की आता. थांबला पाऊस," सुभाना म्हणाला.

निंबा बोलला नाही.

"ते बोलत न्हाईत," छपराखालून येसू म्हणाली. "लई वेळ झाला."

सुभानाने तो खांब एकट्याने कसा उचलला आणि गडगा कसा ओलांडला, ते त्याला पुढेही कधी सांगता आले नाही. पण खांब देवळाच्या उंचीचा होता आणि छप्पर खाली आलेले होते. छप्पर उचलून धरायला माणसे हवी होती. त्याने हाका मारल्या. आळीतली माणसे आली, लांब उभी राहिली. पुढे कुणी झाले नाही. निंबाला तसाच खाली घ्यावा, तर छप्पर सुनेवर येणार. तेव्हा सुभानाने वाशाला अडकवलेली निंबाची करवत काढली. खांब निंबाच्या शेजारी उभा धरला आणि त्याच्या खांद्याशी कोळशाने खूण केली. मग खांब आडवा टाकून कापला. करवत लोण्यातून जावी तशी चालली. तिला म्हातारीचे दात म्हणायचे आता त्याला सुचले नाही. कापलेला खांब त्याने तुळईखाली ठोकून बसवला. वजन खांबावर गेले, तसा निंबा हळूच निसटून त्याच्या अंगावर आला.

त्याला सुभानाने एकट्यानेच ओढ्याकाठी नेले. येसू वाचली. एक डोळा गेला, तोंडावर व्रण राहिले, पण वाचली.

आणि साथ गडगा ओलांडून आलीच. चिमीला फोड उठले. सुभानाने तिलाही त्याच छपराखाली आणले. येसूला एकदा देवी येऊन गेली होती, तिला भीती नव्हती. तिने पोरीला मांडीवर घेऊन टहाळ्याने वारा घातला, आंबील भरवली, गाणी म्हटली. पोर तिच्या मांडीवरच गेली.

साथ ओसरल्यावर चावडीवर पाटील सुभानाला म्हणाले, "शेवटी दिलासच खांब. काय मिळालं?"

सुभाना म्हणाला, "उशिरा दिला."

त्याने एवढेच सांगितले. पुढच्या साली आळीत दुसऱ्या कुणी परड्यात छप्पर घालायला काढले, तेव्हा तीन खांब उभे राहायच्या आत सुभाना आपल्या खांद्याच्या मापाने कापलेला एक आखूड खांब घेऊन न बोलावता दारात उभा राहिला. मरेपर्यंत तो असाच जात राहिला. देवळाचा सभामंडप मात्र गावाने पुन्हा बांधायला काढला नाही.

आजही देवीपुढे उघडे अंगण आहे. आजही आडशेतात चौखांबीचे तीन खांब घरधन्याने लावायचे आणि चौथा शेजाऱ्याने आणायचा. तो स्वतःच्या खांद्याच्या मापाने कापायचा. घरधन्याने तो मागायचा नाही. निंबाला मागावा लागला, तेवढे पुरे झाले.

तात्यांनी इथे नेहमीसारखे हात जोडले. मघाशी हसलेला पाहुणा गडग्यापलीकडे बोट दाखवून म्हणाला, "मग त्यांचा चौथा कुठे आहे?"

पलीकडे हिंदुरावकाकांचे परडे. काकांना क्षय झाला होता. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितले, आता यांच्यापासून कुणाला धोका नाही, मोकळ्या हवेत बसवत जा. पारूकाकींनी चौखांबी घालायला घेतली. तीन खांब लागले, पत्रे चढले. चौथ्या कोपऱ्याला बांबूचा टेकू दिवाळीपासून तसाच आहे. काका त्याखाली बाजेवर बसून आमच्याकडेच बघत होते.

"येईल," तात्या म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

काकांच्या परड्याला लागलेला गडगा आमच्याच घराचा, म्हणजे चौथा खांब आम्हीच न्यायचा होता. आई सांगते, तिकडचे पाणीसुद्धा पिऊ नको. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो, आणि लोकांना वाटे की लाजतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागचा ऐनाचा वासा काढला. भिंतीला टेकवून उभा केला, खांद्याशी कोळशाची खूण केली आणि कापला. आई दारात येऊन उभी राहिली. मी खांब उचलून गडगा ओलांडला.

काकांनी खांबाकडे बघितले, मग माझ्याकडे. "तुझ्या मापाचा होय रे? ताडमाडा, मग छप्पर झुकायचं कधी?" असे म्हणून हसले आणि त्यांना खोकला आला. मी मागे सरलो नाही.

बांबू काढताना कोपरा धरायला कुणीतरी हवे होते. मी खाली खांदा दिला. पारूकाकी खांबाच्या बुडाशी दगड-माती ठोकत होत्या, तोवर छप्पर माझ्यावर होते. पत्र्याचे होते, तरी जड होते.