चिचूचं पिल्लू चेसीत अडकलं

हौसाकाकू आणि धोंडूकाकांच्या अंगणात एक पिकअप गाडी होती. म्हातारी झाली होती बिचारी. चालली की खडखड! थांबली की धडधड!

तिची चेसी पार गंजली होती. चेसी म्हणजे काय? चेसी म्हणजे गाडीची हाडं! ती असतात गाडीच्या पोटाखाली.

त्या चेसीला होतं एक भोक. भोकात राहायची चिचू चिचुंद्री आणि तिचं एवढंसं पिल्लू.

धोंडूकाका काकूंना म्हणाले, "दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी चेसी बसवू." त्यांनी जुन्या चेसीचे सगळे बोल्ट काढले. एकच उरला. त्या बोल्टावर लोंबत होती एक लोखंडी पट्टी.

दसऱ्याची सकाळ झाली. चिचू गेली किडे शोधायला. इकडे पट्टी घसरली. खट्ट! भोक बंद!

चिचू बाहेर. पिल्लू आत. आता कसं गं होणार?

"चीं चीं चीं चीं!" पिल्लू रडलं. त्याला भूक लागली होती.

चिचू बोल्टाकडे धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"बोल्टा, बोल्टा, सुटतोस का?
पट्टी सरकेना,
पिल्लाला माझ्या दूध मिळेना!"

"नाही! पाना फिरेल, तरच मी सुटेन."

पाना पाटावर बसला होता. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडू. काय तो थाट! चिचू धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"पान्या, पान्या, फिरतोस का?
बोल्ट सुटेना,
पट्टी सरकेना,
पिल्लाला माझ्या दूध मिळेना!"

"नाही! काकांचा हात हलेल, तरच मी फिरेन."

"चीं चीं चीं!" पिल्लू रडलं.

चिचू काकांकडे धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काका, काका, हात हलवता का?
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
पट्टी सरकेना,
पिल्लाला माझ्या दूध मिळेना!"

"नाही गं बाई! आज दसरा. आधी आरती, मग हत्याराला हात. निरांजन पेटेल, तरच माझा हात हलेल."

"चीं चीं!" आवाज बारीक झाला. चिचूला रडूच आलं.

ती निरांजनाकडे धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"निरांजना, निरांजना, पेटतंस का?
काकांचा हात हलेना,
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
पट्टी सरकेना,
पिल्लाला माझ्या दूध मिळेना!"

"नाही! काकू वात वळतील, तरच मी पेटेन."

"चीं." एवढंच. बस्स.

चिचू काकूंकडे धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू, वात वळता का?
निरांजन पेटेना,
काकांचा हात हलेना,
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
पट्टी सरकेना,
पिल्लाला माझ्या दूध मिळेना!"

"अगं, वळू कशी? कापसावर मनी बसलीय फुगून! मनी उठेल, तरच मी वात वळेन."

चिचूनं कान दिला. आवाजच नाही.

मनी म्हणजे मांजर! केवढी मोठी! चिचू एवढीशी! तरी गेली. तुरु... तुरु... तुरु...

"मनीताई, मनीताई, उठता का?
काकूंची वात वळेना,
निरांजन पेटेना,
काकांचा हात हलेना,
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
पट्टी सरकेना,
पिल्लाला माझ्या दूध मिळेना!"

मनीनं एक डोळा उघडला. "कापूस मऊ आहे. मी नाही उठणार जा!"

चिचू घाबरली. थरथर थरथर! आणि चिचुंद्री घाबरली की काय करते? वास सोडते! असला वास, असला वास! धरा बरं नाक!

"शीऽऽऽ!" मनी टुणकन उठली आणि कुंपणावरून पळाली.

मग काय!
मनी उठली,
काकूंनी वात वळली,
निरांजन पेटलं,
आरती झाली घणघण घणघण,
काकांचा हात हलला,
पाना फिरला.
कुर्र कुर्र...

बोल्ट सुटेना. गंजलेला ना तो! काकांनी जोर लावला. अजून जोर लावला.

टण्ण! बोल्ट सुटला. पट्टी सरकली. भोक उघडलं.

आत अंधार. चिचूनं तोंड आत घातलं. "बाळा?"

काहीच नाही.

"बाळा रे?"

"...चीं."

चिचू सुर्रकन आत शिरली. पिल्लू गंजानं लालेलाल झालं होतं. तिनं त्याला कुशीत ओढलं. पिल्लू दूध पिऊ लागलं. चुटुक चुटुक.

काका चेसी ओढणार, इतक्यात त्यांनी भोकात डोकावलं. मग हळूच पाना खाली ठेवला.

काकू म्हणाल्या, "अहो, ओढा की! मुहूर्त टळेल."

काका म्हणाले, "टळू दे गं. लेकरू पितंय."

काकूपण शेजारी येऊन बसल्या. नवी चेसी थांबली. गाडी थांबली. सगळे गप्प बसून राहिले.

चुटुक चुटुक. चुटुक चुटुक.

पिल्लाचं पोट भरलं, आपली गोष्ट सरली.