शास्त्रीबुवांचं कापरं

“कापरं म्हणजे काय रे, अनंता?”

समाधीच्या खड्ड्याच्या काठावर बसून मठाधिपती धुंडीबुवांनी विचारलं. भर दुपार होती. मी मठाचा आचारी. साक्षीला म्हणून मला चुलीपुढून उठवून आणलेलं.

अनंतशास्त्री हसला. चार गावचे पंडित हरवून आलेला शिष्य तो.

“थंडीनं भरतं, तापानं भरतं, भीतीनंही भरतं. अंग आपलं ऐकेनासं झालं, की कापरं भरलं म्हणायचं.”

“तुला भरलंय कधी?”

“छे, महाराज!”

आमच्या मठाची रीत अशी, की ज्याला गादी हवी त्यानं गुरूला जिवंतपणी एकदा समाधीत बसवायचं, वर शिळा ठेवायची आणि जपमाळ पुरी झाली की काढायची. मला ही रीत कधीच आवडली नाही. पण आचाऱ्याला विचारतो कोण!

बुवा खाली उतरले. अनंतानं शिळा ओढली. हात जरा म्हणून कापला नाही. मग तो माळ घेऊन बसला.

अर्धी माळ झाली, तशी शिळा थरथरू लागली... आधी बारीक, मग वरची माती उडेपर्यंत.

“अहो शास्त्रीबुवा, काढा! म्हातारा मरेल!” मी ओरडलोच.

“माळ व्हायचीय अजून.”

देवाशप्पथ सांगतो, त्याचा तो आवाज थंडगार होता.

माळ संपली. शिळा निघाली.

बुवा मांडी घालून बसले होते. चेहरा शांत, श्वास संथ. हात मात्र थडथड उडत होते, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.

“भ्यालात, महाराज?”

“मी नाही रे...” बुवा हातांकडे बघत म्हणाले. “हे वरून आलं. तुझं कापरं तू घेतलं नाहीस, ते माझ्याकडे आलं.”

...

त्यांनी हात वर केला. “धर.”

अनंतानं धरला.

बुवांचा हात जागच्या जागी थांबला. अनंताचा सुरू झाला. मनगट, कोपर, खांदा... दातांवर दात वाजू लागले. त्यानं दुसऱ्या हातानं तो आवरू पाहिला, तर तोही उडू लागला.

“महाराज... परत घ्या हो! मला गादी नको... तुम्ही वर या!”

बुवा वर आले नाहीत. त्यांनी मांडी पुन्हा नीट घातली, डोळे मिटले.

“आता ठेव शिळा.”